आवक क्रमांक ४४१७

सान तादेओ,
११ जानेवारी

प्रिय माद्रिन्या,

"शहराला त्याचे नागरिक असतात; उरलेली सगळी माणसं काउंटीची," असं तू मला पंचवीस वर्षांपूर्वी म्हणाली होतीस. दस्तनोंदणीच्या खिडकीमागचा माझा तो पहिला दिवस. एका म्हाताऱ्याला मी 'तुम्ही चुकीच्या इमारतीत आलात' म्हणून परत पाठवलं होतं आणि तू त्याच्यामागे पार जिन्यापर्यंत धावलीस. परत येऊन एवढं एकच वाक्य बोललीस. धर्ममाता म्हणून रागावली असतीस तर मी विसरूनही गेले असते.

आज ते आठवायचं कारण म्हणजे माझी बदली झाली. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या पाच निवडून आलेल्या सुपरवायझरांनी तीन खाती एकत्र केली, आणि त्यांच्या बैठकांची टिपणं लिहिण्याचं माझं काम गेलं. आता मी चौथ्या मजल्यावर, ज्येष्ठ संरक्षण विभागात. पहिल्याच दिवशी एका कागदावर सही घेतली. एखादं वृद्ध माणूस स्वतःला सांभाळू शकत नाही असं मला कुठूनही कळलं, तर लगेच फोनवर कळवायचं आणि दोन दिवसांत लेखी द्यायचं. न कळवणं हा गुन्हा. बाकी टेबल खिडकीजवळ आहे आणि चहा बरा मिळतो.

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. तीन दिवसांनी आणखी एक मिळालं. दोन्हींत तोच मजकूर, 'गुडघा बरा आहे', आणि खाली पाद्रीबाबांचा तोच विनोद. दोन्ही फ्रिजवर लावलीत. सगळं ठीक ना?

दरडीमुळे तुमच्या मंझनिता गावाचा रस्ता अजून बंद आहे. रस्ते खात्यात विचारलं तर एप्रिल म्हणतात. डोंगराला वळसा घालून यायचं तर साडेचार तास. तरी येईन, एखाद्या शनिवारी. फोनच्या तारा जोडल्या की नाही? जोडल्या तरी तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणा.

तुझी,
ओडेट


मंझनिता फ्लॅट,
१९ जानेवारी

ओडेट पोरी,

दोन कार्डं मुद्दाम पाठवली. एक तुला आणि एक तुझ्या त्या नवऱ्याला, जो तुला सोडून रीनोला पळाला. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही म्हणून तुझ्या पत्त्यावर टाकलं. आता उगाच त्यातून काही शोधत बसू नकोस. टिपणं लिहून लिहून तुला प्रत्येक गोष्टीत मुद्दा क्रमांक दिसायला लागलेत.

मी उत्तम आहे. कोंबड्या उत्तम आहेत. वाचनालयाची गाडी दरडीमुळे येत नाही, त्यामुळे शेजारचा रॅन्सम तेच एक पुस्तक तिसऱ्यांदा वाचतोय आणि मला रोज गोष्ट सांगतोय. त्याला शेवट मात्र दर वेळी नवा वाटतो. काळजी कर तर त्याची कर.

चौथा मजला. हं.

तुला मी थीसनची गोष्ट कधी सांगितली नाही. तू यायच्या आधीची, एक्क्याण्णवची. उंच माणूस, टोपी हातात धरून उभा राहायचा. दर मंगळवारी खिडकीवर येऊन म्हणायचा, "माझ्या घराला कुणीतरी दुसरंच कुलूप लावलंय." मी दस्त काढून पाहिला. काउंटीच्या पालक कचेरीने कोर्टाच्या हुकमाने त्याचा कारभार ताब्यात घेतला होता. त्याला वृद्धाश्रमात ठेवलं होतं आणि त्याच्याच खर्चासाठी त्याचं घर विकलं होतं. सगळं कायद्याने. एकही सही चुकलेली नाही, मी शोधून पाहिली. दस्तावर नोंदणीचा शिक्का माझाच होता, ओडेट. माझ्याच हाताने मारलेला. त्या दिवशी असे साठ दस्त आले असतील, मी नाव वाचलंच नव्हतं.

तो खिशातून किल्ली काढून मला दाखवायचा. "ही चालत होती," म्हणायचा. मी दर मंगळवारी त्याला पहिल्यापासून समजावून सांगायचे, आणि दर मंगळवारी त्याचा चेहरा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा व्हायचा. मग एका मंगळवारी तो आला नाही आणि मला बरं वाटलं. हे मी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही.

तेव्हा सही करण्याआधी मला विचारायला हवं होतंस.

आणि एक. माझी पत्रं ऑफिसात नेऊन वाचू नकोस. काउंटीच्या टेबलावर ठेवलेला कागद काउंटीचा होतो, हे मीच तुला शिकवलंय.

माद्रिन्या


सान तादेओ,
२ फेब्रुवारी

प्रिय माद्रिन्या,

पत्र घरीच वाचलं, स्वयंपाकघरात. थीसनबद्दलचा भाग दोनदा वाचला. तू हे इतकी वर्षं एकटीने बाळगलंस.

पण आता तसं राहिलेलं नाही. मी रोज बघते म्हणून सांगते. कुणी कळवलं की आधी एक समाजसेविका घरी जाते. जेवणाचा डबा सुरू करून देते, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून देते, औषधं दिवसांप्रमाणे लावून देते. दहांतली नऊ माणसं आपापल्या घरीच राहतात. पालक कचेरी अगदी शेवटी, आणि तीही डॉक्टर आणि कोर्ट दोघांनी होकार दिल्यावर. हे मी आमच्या माहितीपत्रकासारखं लिहितेय, मला कळतंय.

खरं सांगायचं तर पालक कचेरी आमच्याच मजल्यावर आहे, त्याच व्हरांड्याच्या टोकाला. बाहेर चार खुर्च्या आहेत. तिथे बसलेल्यांच्या मांडीवर नेहमी काहीतरी असतं. पर्स, बायबल, एकदा भिंतीवरचं घड्याळ होतं. स्वच्छतागृह त्याच बाजूला आहे, पण मी जिना उतरून तिसऱ्या मजल्यावर जाते.

तुझ्या पाकिटाला जळक्या कापडाचा वास येत होता. शेगडीजवळ बसून लिहितेस का? मी गेल्या शनिवारी निघणार होते, पण पावसाने वळशाचा रस्ताही बंद केला. आणि गेले तर काय दिसेल, याचीही मला थोडी भीती वाटली. म्हणून विचारते. आणि विचारते आहे ती मी, चौथा मजला नाही. तू एकटी नीट आहेस ना?

ओडेट


मंझनिता फ्लॅट,
२० फेब्रुवारी

ओडेट,

तू विचारलंस तर आता ऐक. हे फक्त तुला. बाप्तिस्म्याला तुला या हातांत धरलं होतं, त्या नात्याने तुला.

वास शेगडीचाच होता. पातेलं पुसायचं फडकं मी विस्तवावर ठेवलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. रॅन्समने धूर पाहिला. भिंत काळी झाली, बाकी काही नाही. तो म्हणाला, "देओलिंदा, आज फडक्याचा रस्सा का?" मी हसले. पण फडकं ठेवल्याचं मला आठवतच नव्हतं. अजूनही आठवत नाही. तो सांगतो म्हणून मी मानते.

त्या आधी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, मी गाडी घेऊन दाणे आणायला निघाले. खाली चार रस्ते मिळतात, गुरांचा जुना कोंडवाडा आहे तिथे. चाळीस वर्षांत किती वेळा गेले असेन. त्या दिवशी थांबले आणि चारही रस्ते सारखे दिसले. घर कुठल्या बाजूला ते कळेना. मी इंजिन बंद केलं. वाटलं, थोडं बसलं की आपोआप येईल. आलं नाही. शेरीफच्या पोलिसांतला एक माणूस येऊन काचेवर टकटक करून म्हणाला, "आजी, काही मदत हवी?" मी म्हटलं, "गाई बघतेय." तिथे एकही गाय नव्हती. तो भला माणूस, त्यानेही क्षणभर कोंडवाड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी मंझनिताच्या बाजूलाच चाललोय, या माझ्या मागे." त्याला कळलं होतं.

सणाच्या रश्शाची तालीम म्हणून रविवारी थोडा करून पाहिला. पवित्र आत्म्याच्या सणाला तीनशे माणसांचा रस्सा मी करत आले. मांस शिजलं, पाव कापून ठेवला, आणि पुढे काय ते गेलं. पुदिना हातात होता. त्याचं करायचं काय, ते कळेना. मी तो टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.

कपाटांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्यात. ताटल्या, औषधं, दिवे. कुणी येणार असलं की काढून ठेवते.

मला मरणाची भीती नाही, तुला माहीत आहे. मला किल्ली हातात घेऊन खिडकीशी उभं राहायची भीती वाटते, आणि पलीकडून कुणीतरी मला पहिल्यापासून समजावून सांगेल याची. गोड आवाजात.

वाच आणि जाळून टाक. उत्तरात यातलं काही लिहू नकोस.

माद्रिन्या


सान तादेओ,
२७ फेब्रुवारी

माद्रिन्या,

तुझं पत्र ऑफिसात आलं.

माझ्या घरच्या पत्त्यावर नाही. तू पाकिटावर काउंटी इमारतीचा पत्ता घातला होतास, खाली 'दस्तनोंदणी, पहिला मजला' आणि माझं नाव. अक्षर सुरेख, पिनकोडही अचूक. छत्तीस वर्षं तू हाच पत्ता लिहिलास, हात तिकडेच वळला असेल. पाकिटावर 'खासगी' लिहिलेलं नव्हतं.

आवक-जावकमध्ये काय होतं ते तुला मी सांगायला नको. पाकीट फोडलं, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात शिक्का मारला, सोमवार, सकाळी नऊ चाळीस. आवक क्रमांक ४४१७. टपाल कुठल्या खात्याचं हे ठरवायला फॅरेल पहिलं पान वाचतो. पहिल्या पानावर फडकं होतं आणि काळी भिंत होती. तो पत्र घेऊन चौथ्या मजल्यावर आला, माझ्याच टेबलाशी. फॅरेलला तू ओळखतेस, त्याच्या मुलीच्या लग्नाला तू पाव भाजून दिले होतेस. तो हळू आवाजात म्हणाला, "सिल्वेरा, हे घरचं दिसतंय. घरचं असेल तर क्रमांक खोडतो, चुकून फोडलं असा शेरा मारतो. घेऊन जा."

हेच तुला सांगायचं आहे. बाकी सगळं तुला कुणीही सांगेल.

मी पत्र त्याच्यासमोर उभ्याने वाचलं. चार रस्त्यांपर्यंत आले. मग म्हटलं, "हे खात्याचं आहे, फॅरेल. नोंद राहू दे."

तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." तो पाच-सहा पावलं गेला आणि परत आला. "तिला माहीत आहे का?" असं त्याने विचारलं.

त्याच दुपारी मी फोन केला. बुधवारी लेखी दिलं. माझी सही आहे त्यावर. नात्यातली म्हणून मला त्या फायलीला हात लावता येणार नाही, ती उघडताही येणार नाही. दहा दिवसांत तुझ्याकडे कुणीतरी येईल.

सहीच्या कागदामुळे केलं असं मी म्हणू शकले असते. पण तो शेरीफचा माणूस पुढच्या वेळी तिथे नसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू वळणावर थांबलेली आहेस, चार रस्त्यांच्या मधोमध, आणि अंधार पडतोय, असं दिसत होतं. आणि तुझ्यापर्यंत जायला मला साडेचार तास लागतात. मी घाबरले, माद्रिन्या. घाबरून केलं.

चिठ्ठ्या काढू नकोस. तपासणीत त्या चांगल्याच मानतात. कृपा करून काढू नकोस.

ओडेट


मंझनिता फ्लॅट,
१४ मार्च

श्रीमती सिल्वेरा यांस,

आपलं पत्र मिळालं. आपल्या खात्याची बाई दिनांक सहा रोजी येऊन गेली. पा न्हिया शिआँग असं नाव. दारात बूट काढून आत आली, मी नको म्हटलं तरी. आमच्यात म्हाताऱ्या माणसांच्या घरात बूट घालत नाहीत, म्हणाली. चांगल्या घरची मुलगी. तिच्याशी माझं भांडण नाही.

चिठ्ठ्या मी आदल्याच दिवशी काढल्या होत्या. आपण काढू नका म्हटल्यावर तर काढायलाच हव्या होत्या.

तिने मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. काढलं. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ते तिने नंतर विचारले तेव्हा मी म्हटलं, "बाई, तुम्हाला लक्षात आहेत ना? मग झालं." ती हसली, पण लिहून घेतलं. तिने विचारलं, देशाचे अध्यक्ष कोण. मी म्हटलं, "अध्यक्ष माझा रस्ता दुरुस्त करणार आहेत का? कामाचं विचारा. मंडळाचे सुपरवायझर विचारा." आणि पाचही जणांची नावं सांगितली, पहिल्या विभागापासून पाचव्यापर्यंत ओळीने, कोण कुठल्या गावचा तेही. तिला एकाचंही नाव माहीत नव्हतं, चेहऱ्यावरून दिसलं. रॅन्सम टाळ्या वाजवायचा बाकी होता. तेव्हा आपल्या फायलीचं काय व्हायचं ते होवो, मी पास झालेली आहे.

ती जाताना म्हणाली, एक डॉक्टर येतील, मग कदाचित कोर्टाचा कागद. मी विचारलं, "आणि कोर्ट मला कुणाच्या ताब्यात देणार?" ती म्हणाली, "कुणी जवळचं पुढे आलं तर त्यांच्या. नाहीतर पालक कचेरी. पण न्यायाधीश तुम्हाला विचारतील."

तर आपल्या माहितीसाठी. मला विचारलं तर मी पालक कचेरी म्हणून सांगेन. त्या कचेरीतल्या कुणी माझ्या टेबलावर बसून जेवलेलं नाही. ते मला बाहेर काढून दार लावतील तेव्हा निदान त्यांना बाराखडी शिकवल्याचं मला आठवणार नाही.

हे पत्र मी पत्ता दोनदा तपासून आपल्या घरी पाठवत आहे.

दे. बेटेनकोर्ट


सान तादेओ,
२१ एप्रिल

माद्रिन्या,

मार्चपासून तीन पत्रं पाठवली. परत आली नाहीत, म्हणजे तुझ्याकडे आहेत. न फोडता ठेवली असशील, तर हे तरी फोड. पाकिटावर रॅन्समचं नाव घातलंय, त्याला वाचून दाखवायला सांगितलंय. रॅन्समकाका, सावकाश वाचा, आणि ती उठून गेली तरी थांबू नका.

काल रस्ता उघडला. आज सकाळी मी आले होते. कोंबड्या अंगणभर होत्या. तुझ्या खिडकीचा पडदा हलला, मला दिसला. मी पायरीवर बसून राहिले, दुपार होईपर्यंत. आतून तू एकदा खोकलीस. दार वाजवायचा मला धीर झाला नाही, कारण वाजवलं असतं तर तुला वाटलं असतं, काउंटी आली. पाव आणला होता तो पायरीवर ठेवला. आत घेतलास की कोंबड्यांनी खाल्ला, माहीत नाही.

आता एक गोष्ट तुला माझ्याकडून कळावी, कोर्टात परक्या तोंडून कळू नये. तू शिआँगबाईंना पाच सुपरवायझरांची नावं सांगितलीस. फाइल मला बंद आहे, पण तुझं पत्र मला आलं होतं, म्हणून रॅन्समकाकांना विचारलं की कुठली नावं. त्यांनी एका कागदावर लिहून पाठवली. मी मंडळाची जुनी टिपणं काढून पाहिली. सगळी बरोबर आहेत. विभाग बरोबर, गावं बरोबर. ते एक्क्याण्णव सालचं मंडळ आहे. त्यातले चौघे वारले, पाचवा तुझ्यासारखाच डोंगरात कुठेतरी राहतो.

तुझा आनंद हिरावून घेतल्यासारखं वाटतं. पण कुणीही तुला दर मंगळवारी गोड आवाजात समजावू नये, म्हणून एकदाच, सरळ सांगते.

डॉक्टरांनी काय लिहिलं ते तुला पत्राने कळलं असेल. सुनावणी ९ मेला, सकाळी साडेआठ वाजता, काउंटी इमारतीसमोरच्या कोर्टात, तिसरा मजला. कोर्टाने तुला एक वकील दिलाय, तो त्याआधी घरी येईल. त्याला दार उघड, तो तुझ्या बाजूचा आहे. पालक कचेरीने अर्ज केलेला आहे. तुझी पालक होण्यासाठी मीही केला आहे. त्यासाठी बोटांचे ठसे दिले, माझं घर तपासून घेतलं. मागची खोली रिकामी केली, तिथून डोंगर दिसतो, लहानसाच, पण दिसतो.

तुला मंझनितातच ठेवीन असं मी लिहिलं होतं, मग ते खोडलं. तसं वचन मला देता येत नाही आणि तुला खोटं लिहायचं नाही. जमेल तितके दिवस तिथेच, शिआँगबाईंनी सुचवलेली बाई रोज येईल, शनिवार-रविवारी मी. आणि जेव्हा जमणार नाही तेव्हा माझ्याकडे. घर विकायची वेळ आलीच, तर त्या दस्तावर नाव न वाचता शिक्का मारणारी मी नसेन. प्रत्येक ओळ तुझ्याशेजारी बसून वाचेन, तुला समजो न समजो, तू वैतागलीस तरी.

मला भीती वाटते, आणि ती फक्त तुझ्यासाठी नाही. मलाही कुणी नाही. एके दिवशी मीही कुठल्यातरी वळणावर गाडी थांबवेन, आणि माझं पत्र कुणाच्या टेबलावर जाईल ते मला माहीत नाही. तू मला क्षमा करावीस म्हणून हे लिहीत नाही. ती तू करणार नाहीस, आणि मी तुझ्या जागी असते तर मीही केली नसती.

९ तारखेला न्यायाधीश तुझ्याकडे वळून विचारतील, "तुम्हाला कोण हवं?" तू आधीच ठरवलंयस, लिहूनही कळवलंयस, आणि एकदा लिहिलेलं तू कधी बदललेलं मी पाहिलं नाही. तरी मागते. तेव्हा माझं नाव सांग, माद्रिन्या.

ओडेट